गाडीच्या दारावरचा हात

मुलाणी सर, भूमच्या शाळेतून पुण्यात आलेल्या एका मुलाला बी.एस्सी.पर्यंत कुणी नेलं, असं विचारलं तर पहिलं नाव तुमचं घ्यावं लागतं, आणि त्यानंतर बराच वेळ दुसरं सुचत नाही. हे मी तुमच्यासमोर बोललो असतो तर तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणाला असतात, "शिंदे, आई-वडील कुठे गेले?" म्हणून तेही लिहितो. त्यांनी मला एसटीत बसवलं. उतरल्यावर कुठे जायचं, ते तुम्ही सांगितलंत.

तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी तुमच्याच गाडीच्या टपावर होतो. वाघोलीच्या माझ्या शेडमध्ये ती उभी होती. रबिंगचं मशीन हातात होतं. टपाचा निम्मा भाग चमकू लागला होता, निम्मा अजून खडूसारखा पांढुरका होता. मशीन बंद करून मी तिथेच बसून राहिलो. खालून कुणीतरी हाका मारत होतं. मला एवढंच सुचत होतं की हे टपाचं काम बघायला तुम्ही गुरुवारी येणार होतात, आणि टपाचा दोष निव्वळ उन्हाचा आहे हे तुमचं म्हणणं मी अजून तोंडाने कबूल केलेलं नव्हतं. ते बरोबर होतं, सर. टपापुरतं बरोबर होतं.

कॉलेजात पहिल्या वर्षी सगळं इंग्रजीतून चालायचं. मी मराठी शाळेचा. 'संयुग' म्हटलं की मला कळायचं. 'कंपाउंड' म्हटलं की कुणाच्या तरी घराभोवतीची भिंत दिसायची. दिवाळीला घरी गेलो की परत यायचं नाही, असं मनाशी ठरवून टाकलं होतं. तुम्ही तास संपल्यावर आम्हा चार-पाच जणांना प्रयोगशाळेत थांबवायचात आणि तेच सगळं पुन्हा मराठीत सांगायचात. उपकार केल्यासारखं नाही, जरा वैतागूनच. "हे आत्ता समजून घ्या, म्हणजे मला घरी जाता येईल," असं म्हणायचात. आम्हाला त्या वैतागाचाच आधार वाटायचा. दया दाखवली असतीत तर आम्ही पळालो असतो.

प्रयोगवहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारायची, ही तुमची सक्ती होती. डावीकडे जे दिसलं ते, उजवीकडे जे वाटलं ते. मी एकदा डावीकडे लिहिलं, 'द्रावण बिघडले.' तुम्ही विचारलंत, "बिघडलं, हे तुम्हाला दिसलं? कसं असतं ते दिसायला?" मला निळं पाणी गढूळ झालेलं दिसलं होतं. तेवढंच लिहायला लावलंत. पुढे रंगाच्या कारखान्यातली नोकरी, मग हे गाड्या रंगवायचं स्वतःचं काम, लग्न, भावकीतले तंटे, सगळीकडे ती उभी रेघ माझ्या कामी आली. निम्मी भांडणं तर रेघ मारली की संपतात.

आणि मग तुमची ती गाडी. एका कारखान्याने कामगारांची ने-आण करायला वापरलेली जुनी मिनी बस तुम्ही घेतलीत आणि तिच्यात दोन बाकांचे पलंग, शेगडी, पाण्याची टाकी आणि पुस्तकांचं एक फडताळ बसवून घेतलंत. त्या काळी असलं काही कुणी करत नव्हतं. नारायण पेठेत तुमच्या इमारतीसमोर ती पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा खालच्या मजल्यावरचे आपटे म्हणाले होते, "मुलाणी, तुमचं घर आमच्या दारात उभं आहे. आमचं कुठे न्यायचं तेवढं सांगा." तुम्ही शांतपणे म्हणालात, "आपटे, तुमचं घर हलत नाही, हा माझा दोष नाही." त्यानंतर तुम्ही दोघे रोज सकाळी त्या गाडीवरून भांडायचात आणि संध्याकाळी एकाच वर्तमानपत्रातलं कोडं सोडवायचात.

मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो त्या गाडीच्या मागच्या खिडकीतून. हर्णैला. आम्ही सहा विद्यार्थी होतो, आणि त्यातल्या एकानेही त्याआधी समुद्र पाहिलेला नव्हता. निघायच्या आदल्या दिवशी तुमच्या घरी आलो, तर मॅडमनी मला मंडईत पिशव्या धरायला नेलं होतं. रेहाना मॅडम महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवायच्या. भाजीवाली चुकीचा भाव बोलली की त्या तिला रागवायच्या नाहीत, फक्त तिने म्हटलेलं वाक्य हळूच तिलाच परत म्हणून दाखवायच्या, आणि भाव खाली यायचा. हर्णैला पोचल्यावर आम्ही सगळे पाण्याकडे धावलो. तुम्ही मात्र गाडीभोवती फिरून रंग बघत होतात. खारा वारा लागला की काय होतं, ते आम्हाला दाखवायचं होतं तुम्हाला. कुणी आलं नाही. मॅडमनी तुम्हाला चहा दिला आणि म्हणाल्या, "त्यांना आधी ओलं होऊ द्या. गंज उद्याही असेल."

हे सगळं लिहिताना मी जे लिहायचं ते टाळतो आहे, हे तुमच्या लक्षात आलं असतं.

गेल्या हिवाळ्यात तुम्ही गाडी माझ्याकडे आणलीत. बरीच वर्षं ती वाघोलीलाच, तुमच्या चुलतभावाच्या मोकळ्या प्लॉटवर उन्हात पडून होती. पिस्त्याचा रंग जाऊन राखेचा झाला होता. ठिकठिकाणी पापुद्रे सुटले होते. गुडघे बरे आहेत तोवर मॅडमना एकदा हर्णैला घेऊन जायचं, असं तुम्ही ठरवलं होतं. मी लगेच म्हणालो, सर, सगळा रंग उतरवू आणि नवा मारू, आठ दिवसांचं काम. तुम्ही प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलात, टोपी गुडघ्यावर ठेवलीत आणि म्हणालात, "अहो शिंदे, औषध नंतर. हिला झालंय काय, ते आधी सांगा."

मग दर गुरुवारी आपला तो उद्योग सुरू झाला. टपावर बोट फिरवलं की बोटाला पांढरी पूड लागायची. त्यावर पाणी मारलं की ओलं असेपर्यंत जुना रंग जसाच्या तसा उजळून दिसायचा. याचा अर्थ वरचा थर तेवढा उन्हाने मेला आहे, खालचा जिवंत आहे. घासून, मेण लावून तो वाचतो. मी नवा रंग मारायला निघालो होतो तिथे, हे कबूल. खालच्या बाजूला, चाकांच्या वर, पांढरी वर्तुळं होती. तुम्ही तीही उन्हाच्या नावावर टाकलीत. ऊन खालून येत नाही सर, असं म्हटल्यावर तुम्ही दोन गुरुवार माझ्याशी फक्त कामापुरतं बोललात. प्लॉटवरचा रखवालदार ती बोअरच्या पाण्याने धुवायचा आणि न पुसता तशीच वाळू द्यायचा, हे कळल्यावर तुम्ही त्या वर्तुळांवर व्हिनेगर टाकून बुडबुडे काढून दाखवलेत, आणि हा शोध आपलाच असल्यासारखे खूश झालात.

उरला तो दारावरचा डाग. मागच्या बाजूच्या दारावर, कडीच्या जरा वर, रंग पापुद्र्याने गेला होता. तिथे ऊन लागत नव्हतं, पाणी साचत नव्हतं, गंजही नव्हता. खालचा करडा प्रायमर अगदी शाबूत, गुळगुळीत होता. म्हणजे रंगाने पत्रा सोडला नव्हता. त्याने प्रायमरला कधी धरलंच नव्हतं. मधे काहीतरी तेलकट राहिलं होतं. मी कडा चाचपत बसलो होतो. ऊन कललं आणि दारावर तिरपं पडलं, तेव्हा तुम्ही खुर्चीवरून उठलात. तो डाग नव्हता. चार लांब बोटं, बाजूला अंगठा, खाली तळवा. तुम्ही त्यावर आपला हात ठेवून पाहिलात. तुमचा मोठा झाला.

आपल्या दोघांनाही एकदमच आठवलं. तुम्ही गाडी घेतलीत त्या वर्षी बॉडीवाल्याच्या आवारात ती नुसती प्रायमर मारून उभी होती. मॅडम म्हणाल्या होत्या, तुम्ही हिला घर म्हणता ना, मग घराचं जे करतात ते करू. तुमच्याकडे लग्नात आणि नव्या घरात संदलाचे हात उमटवायची पद्धत आहे. त्यांनी चंदन उगाळून आणलं होतं, त्यात अत्तर घातलं होतं. वाटी मी धरली होती. त्यांनी तळवा बुडवून दारावर टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. बाबूमिस्त्री, जो रंग मारणार होता, तो कपाळाला बुक्का लावणारा माणूस. एरवी पत्र्यावर माशी बसली तरी तो रॉकेलने पुसून घ्यायचा. पण बाईंच्या हाताची खूण त्याला रॉकेलने पुसवेना. त्याने कोरड्या फडक्याने वरवर टिपलं, फडकं कपाळाला लावलं आणि वरून रंग मारला. अत्तर म्हणजे तेल. हे तिथे उभ्या असलेल्या एका प्राध्यापकाला आणि त्याच्या विद्यार्थ्याला माहीत होतं. आपण दोघेही काही बोललो नाही. कसं बोलणार होतो?

मी खिशातून वही काढली. तेव्हा तुम्ही म्हणालात, "शिंदे, हे लिहू नका."

इतक्या वर्षांत तुमच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. दिसलेली गोष्ट लिहू नका. का, ते तुम्हीच सांगितलंत. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात तुमच्या घरात दोन वाईट गोष्टी लागोपाठ घडल्या होत्या, आणि घरातल्या कुणीतरी मॅडमच्या हातगुणाला नावं ठेवली होती. या बाईचा हात लागला की बिघडतं, असं काहीतरी. तुम्ही तिथेच उभे होतात आणि वडीलधाऱ्यांसमोर गप्प राहिलात. "तेव्हा बोललो नाही," तुम्ही म्हणालात, "आता त्यांच्या बोलण्याला मीच पुरावा देऊ?"

त्यावरून आपलं जे सुरू झालं ते संपलंच नाही. मी म्हणत होतो, मॅडमना सांगा, त्या हसतील. तुम्ही म्हणत होतात, दार गुपचूप घासा आणि रंगवून टाका. आणि मी घासायचा पेपर हातात घेतला की तुम्हीच म्हणायचात, "राहू द्या, आज राहू द्या. आधी टप करा." तुम्हाला तो हात मॅडमना दाखवायचा नव्हता, आणि पुसायचाही नव्हता. शेवटी मी तुम्हाला पत्र लिहिलं. तोंडी सांगितलेलं तुम्ही कधीच खरं धरलं नाहीत, म्हणून. ते पोचल्यावर तुमचा फोन आला. "निरीक्षण ठीक आहे," तुम्ही म्हणालात. "अनुमान घाईचं आहे. बघू." तो 'बघू' अजून तसाच आहे, सर.

आता पुढचं तुम्हाला माहीत नसलेलं सांगतो.

तुमच्यानंतर दहा-बारा दिवसांनी मी नारायण पेठेत गेलो. मॅडम इद्दतीत आहेत. नवरा गेल्यावरचे ते महिने घरातच काढायचे असतात. पडद्याआडून त्यांनी माझ्या मुलांची चौकशी केली. मग विचारलं, "दत्ता, गाडी कुठवर आली?" मी म्हणालो, टप झाला, बाजू झाल्या, दार राहिलंय. त्या म्हणाल्या, "इथे घेऊन ये." तुम्हाला खाली कसं येता येईल, असं मी विचारल्यावर म्हणाल्या, "मी घराबाहेर पडायचं नाही. घर दारात येऊ नये, असं कुणी सांगितलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी घेऊन गेलो. नारायण पेठेत ती उभी कुठे करायची, या काळजीत वळलो तर इमारतीसमोर आपटे उभे. त्यांनी आपली स्कूटर गल्लीत नेऊन लावली होती, जागा धरायला दोन कुंड्या आणि एक घडीची खुर्ची मांडली होती, आणि एका गाडीवाल्याला ते सांगत होते, इथे नाही, इथे गाडी येणार आहे. कुणाची, असं त्याने विचारलं. आपटे म्हणाले, "आमची."

मॅडम जिन्याच्या तोंडाशी आल्या. मी गाडी इतकी जवळ लावली होती की दार त्यांच्या हाताशी होतं. त्यांनी पांढऱ्या ओढणीतून हात बाहेर काढला आणि तिथे ठेवला. बोटं जरा बारीक झाली आहेत. बाकी नेमका बसला.

"तुम्हा दोघांना कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

गेल्या हिवाळ्यात, मी म्हणालो.

"दोन दोन रसायनवाले," त्या म्हणाल्या. "मला दुसऱ्याच वर्षी कळलं होतं. तिथे फोड आला तेव्हा."

मी विचारलं, मग सांगितलं का नाही. त्या म्हणाल्या, "सांगितलं असतं तर त्यांनी त्याच संध्याकाळी घासून काढलं असतं. उन्हाला नावं ठेवत होते, ठेवू दिली. ऊन रागवत नाही."

मग मी त्यांना सांगितलं, की तुम्ही मला हे लिहू नका म्हणाला होतात. का, ते सांगायची गरज पडली नाही. त्यांनी चालवणाऱ्याच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. म्हणाल्या, "ते बोलणं माझ्यात केव्हाच उरलं नव्हतं रे. त्यांच्यातच उरलं होतं." आणि जरा वेळाने, "वेडे."

तुम्हाला कळवायचं होतं ते हे, सर. एवढं एक वाक्य कानावर पडलं असतं तर तुम्ही किती हलके झाला असतात, याचा विचार मी करतो आणि मग करत नाही. एकाच घरात तुम्ही दोघांनी एकच गोष्ट एकमेकांपासून जपली. तुम्ही त्यांना लागू नये म्हणून, त्यांनी तुम्ही पुसू नये म्हणून. याला उजवीकडे काय लिहायचं, ते तुम्ही शिकवलेलं नाही.

दाराचं काय करू, असं मी विचारलं तेव्हा मला वाटलं होतं त्या म्हणतील राहू दे. त्या म्हणाल्या, "घास. नीट घास, कडा दिसता कामा नयेत. त्यांना अर्धवट काम आवडायचं नाही." मग विचारलं, "रंग पक्का व्हायला किती दिवस लागतील?"

मी म्हणालो, तुमची इद्दत संपायच्या खूप आधी होईल.

"मग मी येईन चंदन घेऊन. या वेळी रंगाच्या वरून. टिकेल?"

नाही टिकणार, मी म्हणालो. पहिल्या धुण्यात जाईल.

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "दर वेळी नवा उमटवायला येईन. हर्णैला जायच्या आधी एकदा, आल्यावर एकदा."

काल मी दार घासलं. पाणी टाकत, बारीक पेपरने, हाताने. मशीन लावलं नाही. आधी अंगठा गेला, मग बोटं, तळवा सगळ्यात शेवटी. मग तिथला तेलाचा अंश तीनदा पुसून काढला, बाबूमिस्त्रीने जसा पुसायला हवा होता तसा. कडा कुठे दिसत नाहीत. तुम्ही बोट फिरवून पाहिलं असतंत तरी सापडली नसती.

तुम्हाला पाठवलेल्या पत्राची कच्ची प्रत माझ्याकडे आहे. अनुमान घाईचं होतं की नव्हतं, ते आता तुम्हीच ठरवा. ते पत्र इथे जसंच्या तसं उतरवतो.

वाघोली, सोमवार

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

गाडीचं आजवरचं काम आपल्या पद्धतीने मांडतो.

निरीक्षण: टपाला पूड सुटते, पाणी मारल्यावर रंग उजळतो. अनुमान: ऊन. घासून आणि मेण लावून वाचेल. आपलं बरोबर होतं.

निरीक्षण: चाकांच्या वर पांढरी वर्तुळं, व्हिनेगरने बुडबुडे येतात. अनुमान: बोअरचं पाणी. रखवालदाराला पुसायचं फडकं दिलं आहे.

निरीक्षण: मागच्या दारावर रंग सुटला आहे. खालचा प्रायमर शाबूत, गंज नाही. सुटलेल्या जागेचा आकार हाताचा आहे. हा हात मॅडमचा आहे.

हे लिहू नका, असं आपण म्हणाला होतात. जे दिसलं ते लिहावं, हेही आपणच म्हणाला होतात, आणि ते आधी म्हणाला होतात. म्हणून आधीचं ऐकतो आहे.

अनुमान: मॅडमना कुणी काय म्हटलं होतं, ते त्यांच्यापेक्षा आपणच जास्त सांभाळून ठेवलं आहे. त्यांना हे सांगितलं तर वाईट वाटणार नाही. माझ्याकडे याला पुरावा नाही. परीक्षेत उजवीकडचं चुकलं तरी डावीकडचं खरं असेल तर आपण निम्मे गुण देत होतात, त्या भरवशावर लिहितो आहे. त्याच निम्म्या गुणांवर मी पदवीधर झालो, हे आपल्याला कधी सांगायचं राहून गेलं, ते इथे सांगतो.

त्या दाराला मी आपण आणि मॅडम, दोघांच्या समोरच हात लावीन. तोवर ते तसंच राहील.

येत्या गुरुवारी येताना मॅडमना घेऊन या. दुसरी खुर्ची आणून ठेवली आहे.

आपला विद्यार्थी,
दत्ता शिंदे